अर्जातला एक रकाना

२ मार्च २०१३ ला बुर्किना फासोची राजधानी वागादुगू इथे आफ्रिकी चित्रपटांच्या फेस्पाको महोत्सवाची सांगता झाली आणि दिग्दर्शक आलँ गोमिस यांच्या रूपाने सोनेरी घोड्याचा पुरस्कार सेनेगलला गेला. त्या घोड्यावर भाला घेतलेली येनेंगा राजकन्या बसलेली असते. मोसी लोक तिला आपली आद्यमाता मानतात. बरोबर आठवड्याने, ९ मार्चला, तिथून हवाई अंतराने साधारण साडेआठशे किलोमीटरवर असलेल्या नायजेरियातल्या लागोसमध्ये ‘आफ्रिका मॅजिक व्ह्यूअर्स चॉइस अवॉर्ड्स’चा पहिला सोहळा झाला. जागा होती व्हिक्टोरिया आयलंडवरचं एको हॉटेल. सूत्रसंचालक दोन देशांचे, नायजेरियाचे आयके ओसाकिओदुवा आणि झिंबाब्वेच्या विंबाई मुटिनहिरी. चित्रपट आणि टीव्ही मालिका एकाच मंचावर होत्या आणि निकालात घरी बसलेल्या प्रेक्षकांचाही वाटा होता.

एका आठवड्याच्या अंतराने झालेले हे दोन समारंभ शेजारी ठेवून पाहिले की पहिल्यावहिल्या पुरस्काराचं खरं काम कुठे होतं ते उमगतं. मंचावरचा झगमगाट एका रात्रीचा. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी नियम लिहायला बसतं, आणि कुठली कलाकृती अर्ज करू शकते, कोणत्या कामाला स्वतंत्र विभाग मिळतो, निकाल कुणाच्या हाती राहतो, हे तिथेच ठरून जातं.

फेस्पाकोची सुरुवात १९६९ ची. तेव्हा देशाचं नाव अप्पर व्होल्टा होतं आणि महोत्सव म्हणजे आफ्रिकी चित्रपटांचा सप्ताह होता. पुरस्कार सुरू झाला १९७२ पासून, आणि पहिला मान नायजर देशाच्या ओमारू गांदा यांच्या चित्रपटाला मिळाला. वसाहतींच्या काळात आफ्रिकी माणसाला स्वतःचं चित्रण स्वतः करायला वावच नव्हता. त्यामुळे या महोत्सवाने चित्रपटाकडे कायम फार गांभीर्याने पाहिलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या गांभीर्याचा एक हट्टही होता. २०१३ पर्यंत मुख्य कथापट स्पर्धेसाठी ३५ मिलिमीटरची प्रिंट लागायची. नव्वद मिनिटांच्या चित्रपटाची फिल्म जवळपास अडीच हजार मीटर भरते. ती पाच रिळांत येते आणि डब्यांसकट सहज वीस किलोच्या वर जाते. डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेला सिनेमा निव्वळ स्पर्धेत उतरण्यासाठी फिल्मवर उतरवून घ्यायचा, तर ते काम परदेशातल्या लॅबमध्येच करावं लागायचं. कित्येकांच्या अख्ख्या निर्मितीला जेवढा पैसा लागला असेल, त्याच्याशी स्पर्धा करणारा हा खर्च. त्या वर्षी काही चित्रपट याच अटीमुळे मुख्य स्पर्धेबाहेर राहिले. पुढच्या, २०१५ च्या खेपेला अट सैल झाली आणि डिजिटल प्रती घेतल्या जाऊ लागल्या.

लागोसला ही अट परवडलीच नसती, कारण तिथला उद्योग फिल्मवर उभाच राहिलेला नव्हता. नॉलिवूडची, म्हणजे नायजेरियाच्या चित्रपट उद्योगाची, सुरुवात बहुतेक जण १९९२ पासून धरतात. केनेथ न्नेब्वे या व्यापाऱ्याने व्हीएचएस कॅसेटवर विकायला काढलेल्या इग्बो भाषेतल्या ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ने ती वाट पाडली. दिग्दर्शन ख्रिस ओबी रापू यांचं होतं, पण ते सरकारी दूरचित्रवाणीत नोकरीला असल्यामुळे श्रेयनामावलीत व्हिक मोर्दी हे टोपणनाव गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या उद्योगाच्या पायाच्या चित्रपटावर दिग्दर्शकाचंच खरं नाव नव्हतं, तिथे ध्वनिमुद्रकाचं किंवा दिवेवाल्याचं नाव कोण विचारणार?

कॅसेटनंतर व्हीसीडी आली. इदुमोटा, ओनित्शा, आबा इथल्या बाजारांतून मार्केटर मंडळी पैसा लावायची आणि माल उचलायची. युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेने २००६ सालची आकडेवारी मांडली, तेव्हा भारतात १,०९१, नायजेरियात ८७२ आणि अमेरिकेत ४८५ चित्रपट झाल्याचं दिसलं. नायजेरियाचे ते जवळजवळ सगळे व्हिडिओवर. एवढं मोठं पीक, आणि कस लावायला हक्काची जागा नाही. ती उणीव आधी पीस अन्यिअम-ओसिग्वे यांनी ओळखली. त्यांच्या पुढाकाराने आफ्रिका मूव्ही अकॅडमी अवॉर्ड्सचा पहिला सोहळा ३० मे २००५ ला नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या येनागोआ शहरात झाला. रिचर्ड मोफे-डॅमिजो आणि जेनेव्हिव्ह न्नाजी हे तिथले पहिले मुख्य अभिनेता आणि अभिनेत्री. पीसबाई २०२३ च्या जानेवारीत गेल्या. लागोसच्या मंचाचं कौतुक करताना त्यांचं नाव आधी घ्यायलाच हवं, कारण परीक्षकांनी चित्रपट संपूर्ण पाहून निवडायची शिस्त नॉलिवूडला त्यांनी लावली.

मग २०१३ च्या सोहळ्यात नवं काय होतं? पहिलं म्हणजे टीव्ही. आफ्रिका मॅजिक ही वाहिनी २००३ पासून खंडभर आफ्रिकी चित्रपट आणि मालिका दाखवत होती, आणि लागोस, अक्रा, नैरोबी, लुसाका इथल्या घराघरांत एकच नट-नट्या ओळखीच्या झाल्या होत्या त्या मुख्यतः छोट्या पडद्यामुळे. चित्रपटगृहं मोजकीच. नायजेरियात आधुनिक मल्टिप्लेक्सचा जमाना सिल्व्हरबर्डने व्हिक्टोरिया आयलंडवर पडदे उघडले तिथून, म्हणजे २००४ पासूनचा. अशा ठिकाणी ‘चित्रपटगृहात लागला तोच चित्रपट’ असा नियम केला असता, तर लोक प्रत्यक्षात जे पाहत होते त्यातलं बहुतेक सगळं बाहेर पडलं असतं.

पण दार मोठं केलं की अडचणीही आत येतात. व्हीसीडीच्या बाजारात एकच गोष्ट भाग १, भाग २ अशी कापून वेगवेगळ्या खोक्यांत विकायची रीत होती. कधी भाग ३ सुद्धा. एका व्हीसीडीत चौऱ्याहत्तर मिनिटांच्या आसपास मजकूर मावतो, त्यामुळे कथेचा मध्यांतर कुठे यावा हे लेखकाऐवजी तबकडी ठरवायची. अर्जाला काय पाठवायचं मग? पहिला भाग पाठवला तर कथेला शेवट नाही. दोन्ही पाठवले तर अडीच तासांचा ऐवज नव्वद मिनिटांच्या बांधेसूद चित्रपटापुढे सैल दिसणार. नियमातच ‘सर्व भाग मिळून एक कलाकृती’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं, नाहीतर परीक्षक आपापल्या समजुतीने गुण देत बसतात.

प्रत कोणती मागायची, हाही असाच कळीचा मुद्दा. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं आणि एमपीईजी-१ ने आवळलेलं असतं. रात्रीच्या प्रसंगात काळोखाचे चौकोनी ठोकळे पडतात. छायालेखकाने खिडकीतून आणलेली चंद्रप्रकाशाची हलकी कड त्या ठोकळ्यांत गाडली जाते. तांत्रिक विभागांत न्याय करायचा तर बाजारातली तबकडी नको, संकलनाच्या टेबलावरून निघालेली मूळ प्रतच हवी. निर्माते ती द्यायला कचरतात, कारण बाहेर गेलेली चांगली प्रत चार दिवसांत नकलांच्या बाजारात पोचेल ही धास्ती असते. ती धास्ती खरीच आहे. प्रतीवर आडवा पुसट शिक्का टाकला तर चोरी आटोक्यात येते, पण शिक्का चेहऱ्यावरून गेला की छायालेखन पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. शिक्का खाली कोपऱ्यात घ्यावा आणि प्रत्येक परीक्षकाच्या प्रतीवर वेगळा क्रमांक टाकावा, म्हणजे दोन्ही साधतं.

दुसरी नवी गोष्ट प्रेक्षकांचं मत. अभिनयाचे बरेचसे विभाग प्रेक्षकांकडे आणि तांत्रिक विभाग परीक्षकांकडे, अशी विभागणी होती. प्रेक्षकांच्या मताबद्दल नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. ज्या उद्योगाला सरकारी अनुदानाशिवाय बाजारातल्या गिऱ्हाइकाने वाढवलं, त्या गिऱ्हाइकाला मंचावर जागा देणं रास्तच. पण एसएमएसच्या मतात लोकसंख्या बोलते. तेव्हा नायजेरियाची वस्ती सतरा कोटींच्या घरात होती, घानाची अडीच कोटींच्या आसपास. नैरोबीच्या किंवा अक्राच्या नटाला लागोसच्या नटासमोर मतांवर उभं केलं, तर त्याच्या कामाआधी त्याच्या देशाचा आकार मोजला जातो. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक देशाची मतं आधी त्या देशापुरत्या टक्क्यांत मोजायची आणि मग टक्के एकत्र करायचे. शिवाय प्रत्येक देशात मोबाइल कंपन्या वेगळ्या, संदेशाचा दर वेगळा, आणि मुदत संपण्याची वेळ लागोसच्या घड्याळाने लिहिली की नैरोबीत दोन तास पुढे गेलेले असतात. ‘मध्यरात्रीपर्यंत’ एवढंच छापलं तर तिथली मतं वेळेत पोचली की नाही यावर वाद हमखास.

आता ज्या रकान्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. पहिल्याच वर्षीच्या विभागांत ध्वनिसंकलन होतं, प्रकाशयोजना होती, वेशभूषा, रंगभूषा, कलादिग्दर्शन होतं. माझ्या लेखी त्या सोहळ्याचं सगळ्यांत मोठं देणं हेच. कारण नॉलिवूडचं दुखणं अभिनयात कधीच नव्हतं. दुखणं होतं आवाजात.

लागोसमध्ये चित्रीकरण म्हणजे जनरेटर. वीज कंपनीचं नाव केव्हाच बदललं, तरी लोक अजून ‘नेपा’च म्हणतात आणि दिवे आले की गल्लीभर ‘अप नेपा!’ असा पुकारा होतो. बाकीचा वेळ प्रत्येक घराच्या मागच्या बाजूला यंत्र घरघरत असतं. त्यातल्या सगळ्यांत छोट्या, एक किलोवॉटच्याही आतल्या टू-स्ट्रोक यंत्राला ‘आय बेटर पास माय नेबर’, म्हणजे ‘मी शेजाऱ्यापेक्षा बरा’, असं नाव पडलं आहे. तुमच्या युनिटचा जनरेटर तुम्ही लांब नेऊ शकता. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे पाच मीटरवरचं यंत्र चाळीस मीटरवर नेलं तर अठरा डेसिबल वाचले, आणि मध्ये एखादी भिंत मिळाली तर आणखी थोडे. मात्र केबल जाड हवी. दहा अँपिअरच्या भाराला पन्नास मीटर अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत सात-साडेसात व्होल्ट गळतात, एक चौरस मिलिमीटरच्या तारेत अठराच्या पुढे, आणि मग टंगस्टनचे दिवे पिवळे पडू लागतात, तारही तापते. शेजाऱ्याच्या यंत्राचं काय करणार, तर त्याच्या दारात जाऊन विनंती करायची, पेट्रोलचे पैसे द्यायचे आणि दोन तासांची शांतता विकत घ्यायची. चांगले प्रॉडक्शन मॅनेजर हे पैसे बजेटमध्ये आधीच धरतात.

हे केलं नाही तर काय होतं ते संकलनाच्या टेबलावर दिसतं. जनरेटरचा सूर एकसारखा राहत नाही. घरात कुणी एसी लावला की भार वाढतो, इंजिनाचा वेग क्षणभर पडतो, सूर खाली येतो. नायकाचा शॉट सकाळी घेतलेला, नायिकेचा दुपारी. दोघांचं बोलणं एकाआड एक जोडलं की प्रत्येक कटला मागची घरघर उडी मारते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण संभाषण तुटक वाटतं. यावर उतारा म्हणून चित्रीकरण संपताना त्याच खोलीत, तेच दिवे लावून, सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभराची खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करायची असते. संकलक तीच शांतता कटांच्या खाली अंथरतो. दिवसाला पटकथेची वीस-पंचवीस पानं उडवणाऱ्या युनिटला एवढं मिनिट नको असतं. मग संकलकाच्या हाती उरते फिल्टरची कात्री. पन्नास, शंभर, दीडशे हर्ट्झवर बारीक छेद द्यायचे, शंभरच्या खालचं सगळं उडवायचं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर पंचाऐंशी हर्ट्झच्या आसपासपासून सुरू होतो, त्यामुळे घरघरीबरोबर आवाजाचा भरदारपणाही जातो. उरलेली भगदाडं कीबोर्डच्या संगीताने बुजवली जातात. जुन्या व्हिडिओपटांत संगीत थांबायचं नाव घेत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मुंबईच्या सिनेमाने कित्येक दशकं हा प्रश्न संपूर्ण चित्रपट डबिंग स्टुडिओत पुन्हा बोलून सोडवला. नॉलिवूडला तो मार्ग सोयीचा नव्हता. आठ-दहा दिवसांत चित्रीकरण उरकलं की नट पुढच्या सेटवर गेलेला असायचा. म्हणून जे जागेवर मिळालं तेच अंतिम, आणि म्हणून कॅमेऱ्यावरच्या माइकऐवजी बूम, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लावलेला माइक, वापरणाऱ्याचं मोल मोठं. दोन मीटरवरचा माइक अर्ध्या मीटरवर आणला की बोलणं बारा डेसिबलने वर येतं. फरशी घातलेल्या, पडदे नसलेल्या दिवाणखान्यात चौकटीबाहेर चार रजया टांगल्या की भिंतींचा घुमाराही निम्मा होतो. याला महागडं काही लागत नाही. लागतो तो या कामासाठी वेगळा नेमलेला आणि मानाने वागवलेला माणूस.

परीक्षकांनी हे ऐकायचं कसं, तेही सांगायला हवं. लॅपटॉपच्या स्पीकरमधून दीडशे-दोनशे हर्ट्झखालचं फारसं काही बाहेर येत नाही. जनरेटरची मूळ घरघर नेमकी त्या खालच्या पट्टीत असते. म्हणजे लॅपटॉपवर ऐकलेला सगळ्यांत घाणेरडा आवाज स्वच्छ वाटू शकतो, आणि ज्याने मेहनतीने खालचा भरदारपणा राखला त्याचं काम कुणाला ऐकूच येत नाही. ध्वनीचा विभाग ठेवायचा तर एक बंद खोली, दोन चांगले स्पीकर आणि सगळ्या स्पर्धकांसाठी आवाजाची एकच ठरलेली पातळी, एवढी सोय आधी व्हावी. मला एक खंतही वाटते. विभाग ध्वनिसंकलकाचा होता, जागेवर बूम धरून उन्हात उभा राहणाऱ्याचा वेगळा विभाग त्यात नव्हता. दोघांचा सन्मान एकत्र झाला असता तर अधिक खरं झालं असतं.

प्रकाशयोजनेचं दुखणं याच जातीचं. पांढऱ्याशुभ्र भिंतीची खोली, सावळ्या वा काळ्या कांतीचा नट, आणि कॅमेरा ऑटोवर. कॅमेरा भिंतीचं उजळपण मोजतो, आयरिस, म्हणजे भिंगातून येणारा उजेड कमीजास्त करणारी झडप, मिटतो आणि चेहरा काळोखात जातो. समोरून दिवा वाढवला तर भिंत आणखी पेटते. जाणकार दिवेवाला आयरिस हाताने लावतो, नटाला भिंतीपासून दोन मीटर पुढे आणतो, भिंतीवरचा प्रकाश कटर लावून तोडतो आणि बाजूने थर्माकोलच्या मोठ्या शीटवरून मऊ उजेड उसळवतो. गडद कांती त्या उजेडाचं प्रतिबिंब धरते, गालाच्या हाडावर एक लांबट चमक उमटते आणि चेहऱ्याला गोलाई येते. रंगभूषाकाराने पावडर मारून ती चमक घालवली की सगळी मेहनत वाया, म्हणून या दोघांचं आधी बोलणं झालेलं असावं लागतं. आफ्रिकी चेहरा पडद्यावर आफ्रिकी माणसाने कसा उजळावा, याला पहिल्या वर्षापासून स्वतंत्र विभाग मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

भाषांबद्दल थोडक्यात. योरुबा, हौसा आणि स्वाहिली चित्रपटांसाठी वेगळे विभाग होते. हौसा सिनेमाचं केंद्र कानो, आणि तिथल्या प्रेक्षकाचं हिंदी चित्रपटांवर १९५० च्या दशकाच्या मागेपुढे जडलेलं प्रेम जगजाहीर आहे. मुंबईच्या स्टुडिओंत घडलेली गाणी तिथल्या दोन-तीन पिढ्यांनी भाषा न कळता पाठ केली आणि हौसा चित्रपटांत गाणी-नाच आले ते त्याच संस्कारातून. अशा चित्रपटाला इंग्रजी नॉलिवूडच्या मापाने मोजणं अन्यायाचं झालं असतं. वेगळा विभाग योग्यच. पण भाषेच्या विभागात गेलेल्या चित्रपटाला मुख्य विभागाचं दार बंद होऊ नये, ही काळजीही नियमातच घ्यावी लागते.

सोहळ्याच्या रात्रीचं गणित त्यामानाने सोपं, तरी निर्दय. पाच नामांकनांच्या बारा-बारा सेकंदांच्या चित्रफिती म्हणजे एक मिनिट. निवेदन, पाकीट, टाळ्या, विजेत्याचं मंचापर्यंत चालत येणं आणि आभार धरून एका विभागाला पाच मिनिटं. पंचवीस विभागांचे दोन तास पाच मिनिटं झाले, आणि अजून गाणी, जाहिराती, विनोद बाकी. थेट प्रक्षेपण पुढे सरकत नाही. त्यात लागोसचा गो-स्लो, म्हणजे तिथली वाहतूक कोंडी. सुरुलेरे किंवा इकेजाहून निघालेला पाहुणा जवळपास बारा किलोमीटरच्या थर्ड मेनलँड ब्रिजवर अडकला की त्याच्या हातून द्यायचा पुरस्कार कुणी द्यायचा हे मंचामागे धावपळ करून ठरवावं लागतं. वेळ कमी पडला की पहिली कात्री ध्वनी, प्रकाश, वेशभूषा यांच्यावर चालते, जगभर हीच रीत. ती थांबवायची तर कार्यक्रमपत्रिकेत तांत्रिक विभाग पहिल्या तासात, दोन मोठ्या विभागांच्या मध्ये बसवावे लागतात. शेवटी ठेवले की ते गेलेच.

नामांकनाचा अर्ज भरताना प्रत्येक तांत्रिक विभागासमोर एका माणसाचं पूर्ण नाव लिहावं लागतं आणि ते चित्रपटाच्या श्रेयनामावलीशी जुळावं लागतं. जुन्या व्हिडिओपटांत एकच नाव निर्माता, लेखक, संकलक आणि कधी ध्वनीच्याही पुढे दिसायचं, किंवा ध्वनीपुढे काहीच नसायचं. स्पर्धेत उतरायचं असेल तर निर्मात्याला चित्रीकरण सुरू होण्याआधीच ध्वनीसाठी एक माणूस नेमावा लागतो, त्याच्याशी लेखी करार करावा लागतो आणि शेवटच्या पाटीवर त्याचं नाव त्याच्या स्पेलिंगसह अचूक घालावं लागतं. पाटी एकदा प्रतीवर चढली की बदल करायचा म्हणजे पुन्हा पूर्ण प्रत काढायची. म्हणून नावांची यादी प्रत्येकाकडून सहीनिशी तपासून घ्यायची आणि तपासलेली यादी हाती आल्याशिवाय संकलकाने पाटी बनवायला घ्यायची नाही.